बोर्दोची बाटली स्वस्त का झाली?

ऑगस्ट संपत आला की तुलूझमधल्या घरोघरच्या टपालपेट्यांत गुळगुळीत कागदावर छापलेली वाइनची माहितीपत्रके येऊन पडू लागतात. फ्रान्समधली मोठी किराणा-भांडारे सप्टेंबरात वाइनचा हंगामी बाजार भरवतात, त्याला इथे ‘फ्वार ओ व्हँ’ म्हणतात. लक्लेर या साखळीने 1973 साली ब्रितानी या फ्रान्सच्या वायव्येकडच्या प्रांतात त्याचा पायंडा पाडला आणि पुढे इतरांनीही तो उचलला. पत्रकांत बोर्दो या नैऋत्य फ्रान्समधल्या वाइनप्रदेशाला मोठा मान असतो: शातोंची, म्हणजे स्वतःच्या बागेची वाइन करणाऱ्या तिथल्या घराण्यांची, पानभर चित्रे, त्यांखाली खोडलेला जुना दर, ठळक लाल अक्षरांतला नवा दर आणि जोडीला एखाद्या स्पर्धेतले सोनेरी पदक. गेल्या काही वर्षांत हे दर इतके उतरले आहेत की वर्षभराची वाइन याच काळात भरून ठेवावी, असे आमच्या घरी ठरले. मात्र त्या सवलतीत तथ्य किती आणि देखावा किती, हे आधी नीट तपासायचे, असे मी ठरवले. तुलूझच्या माणसाला बोर्दोचे फारसे कौतुक नसते, हेही इथेच सांगायला हवे. गायाक, फ्रोंतों, मादिरां, काओर अशा हाकेच्या अंतरावरच्या वाइन सोडून आगगाडीने दोन तास लांबच्या बाटल्या कशाला घेता, असे आमचे शेजारी दरवर्षी विचारतात, आणि त्यांचे अगदीच चुकते असे मला वाटत नाही.

सुरुवात मी खोडलेल्या दरापासून केली, कारण सवलतीचा सगळा डोलारा त्या एका आकड्यावर उभा असतो. युरोपीय नियमानुसार 2022 पासून फ्रान्समधल्या दुकानदाराला सवलत जाहीर करताना आधीच्या तीस दिवसांतला स्वतःचाच सर्वांत कमी दर ‘जुना दर’ म्हणून दाखवावा लागतो. नियम चोख आहे. परंतु सप्टेंबरच्या बाजारातल्या पुष्कळशा बाटल्या त्या दुकानाच्या फळीवर आधी कधी नसतातच, त्या खास या बाजारासाठी मागवलेल्या असतात. अशा बाटलीवर हुशार दुकान जुना दर लिहीतच नाही, नुसता नवा दर मोठ्या अक्षरांत छापते आणि बाकीचे काम गिऱ्हाइकाच्या कल्पनाशक्तीवर सोपवते. दुसरा नियम 2019 पासूनचा आहे. त्याने खाण्यापिण्याच्या वस्तूंवरच्या सवलतीला 34 टक्क्यांची मर्यादा घातली. ‘दोन बाटल्यांवर तिसरी मोफत’ असे जागोजागी दिसते आणि ‘एकावर एक मोफत’ का दिसत नाही, याचे उत्तर त्या मर्यादेत आहे. हे कळल्यावर टक्क्यांचे आकडे मी बाजूला ठेवले. ज्या दराशी तुलना करायची तो दर दुकानाच्या बाहेर शोधावा लागणार होता.

नामांकित शातोंच्या बाबतीत हे सोपे निघाले. बोर्दोतल्या मोठ्या शातोंची वाइन पिंपात मुरत असतानाच, म्हणजे सुगीनंतरच्या वसंतात, आगाऊ विकली जाते. तिचा पहिला दर जाहीर असतो आणि बाटली हातात पडायला आणखी दीडदोन वर्षे जातात. तो पहिला दर आणि वाइन-सर्चरसारख्या संकेतस्थळावर दिसणारे निरनिराळ्या दुकानांचे आजचे दर, हे दोन आकडे मी प्रत्येक नावापुढे लिहून काढले. आगाऊ विक्रीचे दर बहुधा कर वगळून सांगितलेले असतात, आणि फ्रान्समध्ये वाइनवर 20 टक्के मूल्यवर्धित कर लागतो. तो मिळवल्याखेरीज तुलना करण्यात अर्थ नसतो. यादी पुरी झाल्यावर जे दिसले त्याने मला विचारात पाडले. 2018 पासूनच्या कितीतरी बाटल्या आज आपल्या पहिल्या दराच्या आसपास, किंबहुना त्याखाली मिळतात. बाजारच खाली आला आहे, आणि पत्रकातली ‘सवलत’ म्हणजे अनेकदा त्या उतरलेल्या बाजारभावालाच लावलेला लाल रंग आहे. तरीही ही वाइन टाळावी असे त्यावरून ठरत नाही, कारण बाजारभाव स्वतःच इतका खाली असेल तर दुकानाने आपल्या पदरचे काही सोडले नसले तरी गिऱ्हाइकाचा फायदा होतोच.

उदाहरण म्हणून ‘शातो कान्तमेर्ल’ घेतले. 1855 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने तिसऱ्या नेपोलियनच्या काळात बोर्दोच्या दलालांनी शातोंची जी पाच श्रेण्यांची यादी केली, तिच्यात हे नाव सर्वांत शेवटी, मूळ यादी तयार झाल्यानंतर हाताने लिहून घातले गेले. ती यादी वाइन चाखून केलेली नव्हती, कोणाची वाइन बाजारात काय भावाने जाते हे पाहून केलेली होती. एका दृष्टीने ती भावांचीच जुनी वही होय, आणि 1973 मध्ये मुतों-रोथशिल्ड पहिल्या श्रेणीत चढले ही एक गोष्ट सोडली तर तिच्यातली उतरंड जवळजवळ जशीच्या तशी राहिली आहे. पहिल्या श्रेणीची बाटली काहीशे युरोंना आणि कान्तमेर्ल पंचवीस-तीस युरोंना. या वाइनचा 2019 चा माल पत्रकात ज्या दराला होता, तो बाहेरच्या दरांपेक्षा थोडाच कमी होता. सवलत म्हणून ती किरकोळ होती, पण खरेदी म्हणून चांगली होती. याउलट, ज्यांचे नाव मी कधी ऐकले नव्हते आणि ज्यांच्यावर मोठमोठ्या सवलती होत्या, त्यांचा दर दुसऱ्या कोणत्याही दुकानात मिळेना. जी बाटली एकाच साखळीसाठी भरलेली असते तिला बाजारभाव नसतो. तिचा जुना दर काय होता हे ठरवणाराही दुकानदारच आणि तो खोडणाराही तोच.

मग टक्क्यांऐवजी एकच प्रश्न प्रत्येक बाटलीला विचारायचा असे मी ठरवले: ही स्वस्त का झाली? या प्रश्नाची दिशा मला माझ्या मावसभावामुळे सापडली. दादाची निफाडजवळ द्राक्षबाग आहे. 2024 च्या जूनमध्ये तो बागायतदारांच्या एका अभ्यासदौऱ्यावर फ्रान्सला आला, तेव्हा आम्ही दोर्दोन्य नदीच्या काठाने कास्तियोंपर्यंत गेलो होतो. सेंत-एमिलिओं या नावाजलेल्या वाइनगावाचे चर्च आणि दगडी गल्ल्या त्याने दहा मिनिटांत उरकल्या आणि बांधावर उकिडवा बसून पाने उलटून पाहू लागला. त्या वर्षी पाऊस थांबत नव्हता. पानांच्या पाठीवर पांढरट लव दिसली तेव्हा त्याने ‘डावणी’ (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) एवढेच म्हटले आणि पुढच्या ओळीकडे गेला. नंतर रस्त्याच्या कडेला उपटलेल्या वेलींचे ढीग लागले. “एवढ्या जुन्या बागा काढल्यात म्हणजे भाव पडलेला दिसतोय,” तो म्हणाला. त्याचा तर्क बरोबर होता. फ्रान्समध्ये रोजच्या जेवणासोबत तांबडी वाइन पिण्याची सवय ओसरत चालली आहे, चीनमधली मोठी मागणी आटली आहे, आणि जास्तीचे उत्पादन कमी करण्यासाठी 2023 मध्ये बोर्दोच्या जिरोंद जिल्ह्यात सुमारे 9,500 हेक्टर बागा काढण्याची सरकारी योजना आली, तीत हेक्टरी 6,000 युरो भरपाई ठरली. बागायतदाराला एकरी उत्पन्न विचारल्याशिवाय दादा राहणार नव्हताच. एकरी तीन टनांच्या आत, हे उत्तर ऐकून त्याने माझ्याकडे मी भाषांतर चुकवल्यासारखे पाहिले.

ठोक बाजाराचा हिशोब कळला की स्वस्त बाटलीचे अर्धे रहस्य उलगडते. बोर्दोत सुटी वाइन ‘तोनो’ या मापाने विकली जाते. एक तोनो म्हणजे 900 लिटर, म्हणजे चार पिंपे, म्हणजे बरोबर 1,200 बाटल्या. साध्या तांबड्या बोर्दोचा ठोक भाव तोनोला हजार युरोंच्या आसपास किंवा त्याखालीही घसरला आहे, तेव्हा बाटलीतल्या वाइनची किंमत ऐंशी-पंच्याऐंशी सेंटच्या आगेमागे येते. पुढे काच, बूच, लेबल, खोका, वाहतूक, कर आणि दुकानाचा नफा मिळवला की तीन युरोंची बाटली मुळीच सवलतीची नाही, तो तिचा नेहमीचाच भाव आहे, हे ध्यानात येते. हा भाव उत्पादनखर्च भरून काढत नाही अशी इथल्या बागायतदारांची जुनी तक्रार आहे, आणि 2024 च्या फेब्रुवारीत बोर्दोच्या व्यापारी न्यायालयाने अवाजवी कमी दराने वाइन घेतल्याबद्दल दोन व्यापारी संस्थांना बोर्दोच्याच मेदोक भागातल्या एका उत्पादकाला भरपाई द्यायला लावली. लासलगावचा कांदा ज्याने पाहिला आहे त्याला याहून अधिक समजावून सांगायला नको. हे कळल्यावर तीन-चार युरोंच्या बाटल्या मी यादीतून काढून टाकल्या. थोडासा सद्सद्विवेकही त्यात होता, पण मुख्य कारण वेगळे होते: इतक्या भावात बागेत एखादी जादा फेरी घालणे किंवा कच्चे घड वेगळे काढणे कोणालाच परवडत नाही, आणि ते चवीत उतरते.

याच मापाने ओकच्या पिंपांच्या दाव्याचीही परीक्षा होते. बोर्दोचे पिंप 225 लिटरचे, म्हणजे 300 बाटल्यांचे असते आणि चांगले नवे पिंप आठ-नऊशे युरोंना पडते. म्हणजे नव्या पिंपाचा खर्च बाटलीमागे तीन युरोंच्या घरात जातो. पाच युरोंच्या बाटलीला व्हॅनिलाचा घमघमाट येत असेल आणि लेबल पिंपाबद्दल गप्प असेल, तर तो वास बहुधा ओकच्या लाकडाच्या चिप्सचा असतो. युरोपीय संघाने त्यांना 2006 मध्ये परवानगी दिली आहे. त्यात बेकायदा काही नाही, पण त्याला पिंपाचे पैसे मोजण्याचे कारण नाही.

पुढची पायरी लेबल वाचण्याची, आणि ती मी दुकानात फळीपुढे उभी राहून केली. बोर्दोत ‘शातो’ हे नाव घ्यायला महाल लागत नाही. सहकारी संस्थेतही एखाद्या सभासदाची द्राक्षे वेगळी ठेवून वाइन केली असेल तर ती शातोच्या नावाने निघू शकते. समोरच्या बाजूला ठसठशीत छापलेले ‘ग्रां व्हँ द बोर्दो’ हे शब्द दर्जाची कोणतीही हमी देत नाहीत. ‘सेंत-एमिलिओं ग्रां क्रू’ हे एका नियमावलीखाली मिळणारे नाव आहे आणि ते शेकडो शातो लावतात. निवड होऊन मिळणारी श्रेणी हवी असेल तर त्यापुढे ‘क्लासे’ हा शब्द असावा लागतो. तो एक शब्द नसलेल्या, पण त्याच तोऱ्यात उभ्या असलेल्या बाटल्या त्या फळीवर सर्वांत जास्त होत्या. पदकांचेही तसेच. फ्रान्समधल्या स्पर्धेत आलेल्या वाइनपैकी एक तृतीयांश वाइनना पदके देता येतात, त्यामुळे एखाद्या बाटलीला पदक आहे म्हणून मी ती उचलली नाही आणि नाही म्हणून सोडलीही नाही. मेदोकमधली ‘क्रू बूर्ज्वा’ ही श्रेणी मात्र मला उपयोगी वाटली. 2020 पासून तिच्यात तीन पायऱ्या आहेत आणि वरच्या दोन पायऱ्यांवरच्या बाटल्या दहा ते वीस युरोंत सापडतात.

सालाच्या बाबतीत मात्र निफाडकडचे रक्त कामी आले, असे म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे वर्षात खरड छाटणी आणि गोडी बहार छाटणी अशा दोन छाटण्या असतात. इथे हिवाळ्यात एकच छाटणी होते आणि वसंतातल्या फुटीवर एक रात्र हिमाची गेली की वर्षभराचे पीक हातचे जाते. 2017 च्या एप्रिलअखेरीस तसे झाले, 2021 च्या एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा झाले, आणि 2021 चा उन्हाळाही थंड व ओला गेला. 2013 चे साल तर बोर्दोचे चाहते विसरू पाहतात. उलट 2016, 2018, 2019, 2020 आणि 2022 ही साले भरदार आहेत, जरी 2018 मध्ये काही नामांकित बागांचे डावणीने मोठे नुकसान केले होते. पत्रकात 2021 च्या बाटल्यांवर सवलत जास्त आणि 2019-2020 वर कमी, असे सरसकट दिसले. इथे स्वस्ताईचे कारण स्वच्छ समोर होते. पण ते वाचून 2021 एकदम बाद करायचेही कारण नव्हते. त्या वर्षीच्या चांगल्या शातोंच्या वाइन हलक्या, साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोलच्या आणि आत्ताच पिता येण्यासारख्या आहेत. साडेचौदा टक्क्यांच्या धिप्पाड 2018 आणि 2022 पेक्षा आमच्या जेवणाला त्या बऱ्या जातात. धोका स्वस्त शातोंच्या 2021 मध्ये असतो, कारण न पिकलेल्या काबेर्ने सोव्हिन्यों द्राक्षाला ढोबळी मिरचीचा हिरवा वास येतो आणि तो बाटलीत कितीही मुरवला तरी जात नाही.

एवढे होऊनही अनोळखी बाटल्यांचा निकाल कागदावर लागेना. तेव्हा बाजार सुरू झाल्याबरोबर, ठोक खरेदी न करता, मी प्रत्येकी एकच बाटली घेतली आणि बाजार संपायच्या आत त्या उघडल्या. पद्धत साधी ठेवली होती. बाटल्या कागदात गुंडाळून नवऱ्याने त्यांवर आकडे घालायचे, मी काय आहे हे न पाहता चाखायचे, उरलेली वाइन बूच लावून ठेवायची आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखायची. दुसरी संध्याकाळ मला फार महत्त्वाची वाटते. पहिल्या घोटाला गोड, गुबगुबीत लागणारी वाइन रात्रभर हवेशी राहिली की तिचे खरे रूप कळते. आणि पहिल्या दिवशी तुरट, तोंड आवळणारी वाइन कधी कधी दुसऱ्या दिवशी मोकळी होते, फळाची चव पुढे येते. जी दुसऱ्या दिवशी सुधारते ती तीन-चार वर्षे ठेवता येईल असा माझा अंदाज आहे, आणि तो आतापर्यंत बहुतेक वेळा खरा ठरला आहे.

निकाल असा लागला. सवलतीनंतर तेरा युरोंवर आलेली, ‘क्लासे’ नसलेली सेंत-एमिलिओं ग्रां क्रू दुसऱ्या दिवशी मुरंब्यासारखी गोड आणि सपाट लागली. तेरा युरो हीच तिची मूळ किंमत असावी, कदाचित त्याहून कमी. फ्रोंसाकची 2019 ची नऊ युरोंची बाटली मात्र त्या सगळ्यांत उजवी निघाली, आणि तिच्यावरची सवलत दीड युरोची होती. कास्तियोंची 2020 तिच्या पाठोपाठ. ही दोन्ही गावे सेंत-एमिलिओंच्या शेजारची, मेर्लो हे द्राक्ष तेच, चुनखडीच्या टेकड्याही तशाच. केवळ नावाला वलय नाही म्हणून भाव कमी. स्वस्ताईचे याहून चांगले कारण मला तरी माहीत नाही. एका क्रू बूर्ज्वाने दोन्ही दिवस सारखाच दर्जा राखला, तिच्या सहा बाटल्या घेतल्या. एका मोठ्या शातोची दुय्यम वाइनही चाखली. अशी वाइन तरुण वेलींची किंवा मुख्य वाइनमध्ये न बसलेल्या पिंपांची असते, आणि थोरल्या भावाच्या आडनावाचे पैसे ती पुरेपूर वसूल करते. वीस युरोंना ती मला महाग वाटली.

जुन्या बाटल्यांचा अनुभव वेगळा आला. एका दुकानाने कोपऱ्यात 2013 च्या आणि त्याआधीच्या सालांच्या बाटल्या उतरवलेल्या भावात मांडल्या होत्या, त्याही दिव्याच्या झोतात उभ्या. मी हातात घेतलेल्या एका बाटलीतली पातळी मानेखाली, खांद्याला टेकलेली होती, आणि कॅप्सूलच्या, म्हणजे बुचावरच्या वेष्टनाच्या, कडेला वाळलेला चिकट ओघळ होता. बूच गळत होते. ती कधीतरी उन्हात किंवा उष्णतेत राहिली असणार. वीस वर्षांच्या वाइनची पातळी थोडी उतरणे समजू शकते, पण दहा-बारा वर्षांच्या बाटलीचे इतके उतरणे हे साठवणुकीचे पाप असते. तिथून मी काही घेतले नाही. काउंटरवरच्या तरुणाला ओघळ दाखवला, तेव्हा त्याने ती बाटली शांतपणे मागच्या रांगेत सरकवली.

सर्वांत जास्त सवलत शेवटी ज्या वाइनवर मिळाली ती तांबडी नव्हतीच. सोतेर्न आणि बार्साक या बोर्दोतल्या गोड पांढऱ्या वाइनच्या गावांत शरद ऋतूत थंड पाण्याची सिरों ही छोटी नदी उबदार गारोन नदीला मिळते, सकाळी धुके पडते, आणि त्या धुक्यात द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी धरते. दुपारच्या उन्हाने ती आटोक्यात राहते आणि घड सुकून त्यांतली साखर घट्ट होते. मजूर त्याच बागेत पुन्हा पुन्हा फिरून सुकलेले तेवढे मणी वेचतात. एका वेलीला कसाबसा पेलाभर वाइन मिळते. एवढे कष्ट असूनही गोड वाइनची आवड मागे पडल्याने तिला गिऱ्हाईक नाही. 1855 च्या यादीतल्या एका सोतेर्न शातोच्या 375 मिलिलिटरच्या बाटल्या मला तेरा युरोंना मिळाल्या, आणि हा दर बाहेरच्या सगळ्या दरांपेक्षा खरोखर कमी होता. इथे स्वस्ताईचे कारण फक्त बदललेली आवड आहे; मालात काही उणे नाही, आणि बाटली वीस वर्षेही टिकते. तिखट मटणाच्या रश्श्याबरोबर ती चांगली लागते, हे मी फ्रेंच पाहुण्यांना सांगत नाही, त्यांना फॉय ग्रासोबतच, म्हणजे बदकाच्या यकृताच्या पदार्थासोबतच, ती हवी असते.

शेवटी सगळे मिळून फ्रोंसाक, कास्तियों, क्रू बूर्ज्वा, कान्तमेर्लच्या थोड्या बाटल्या आणि सोतेर्नचा एक खोका, एवढी खरेदी झाली. डिसेंबरात नाशिकला जाताना भारतात विनाशुल्क दोन लिटर मद्य नेता येते. 750 मिलिलिटरच्या दोन आणि 375 ची एक मिळून 1,875 मिलिलिटर होतात, त्यामुळे फ्रोंसाकच्या दोन आणि सोतेर्नची एक अशी बेरीज जमली. भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षे 150 टक्के सीमाशुल्क लागत आल्याने तीच बाटली तिकडे विकत घेण्याचा विचार दादाच्या मनातही येत नाही. मला फ्रोंसाकची किंमत विचारून झाल्यावर त्याने पुढचा प्रश्न केला, त्यांतले बागायतदाराला किती मिळाले? या शातोची वाइन मालकाच्या घरीच भरलेली आहे, ‘मी आं बुतेय ओ शातो’ असे लेबलवर लिहिलेले आहे, तेव्हा मधल्या व्यापाऱ्याचा एक हात तरी कमी असावा, एवढेच उत्तर मला देता आले. बाकी हिशोब मागायला पुढच्या वसंतात त्या मालकाकडेच जायचे ठरले आहे. फ्रोंसाक तुलूझहून गाडीने तीन तासांच्या आत आहे.